दिवसा उठत नाहीत, रात्री फेऱ्या मारतात

(सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात.)

माझं वय ५६. आमचे हे ६२ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गुदाशयात गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर म्हणाले. आधी रेडिएशन झालं आणि आता मुंबईत मोठं ऑपरेशन. आज सहावा दिवस. पोटावर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभी चीर आहे आणि उजव्या बाजूला काही महिन्यांसाठी पिशवी लावली आहे. डॉक्टर राऊंडला आले की पहिला प्रश्न, “आज किती चाललात?” फिजिओची मुलगी सकाळ-दुपार येते. हे डोळे मिटून पडून राहतात. पोट दुखतंय म्हणतात, उभं राहिलं की अंधारी येते म्हणतात. पण रात्री अकरानंतर वॉर्डातले दिवे कमी झाले की मलाच उठवतात आणि पॅसेजमध्ये दोन-तीन फेऱ्या मारून येतात! याला आळस म्हणायचा की हट्ट?

माझी नणंद म्हणते, “एवढं पोट फाडलंय, टाके उसवले म्हणजे? पडू दे त्याला.” मुलगा पुण्यात नोकरीला आहे. व्यायामाने आतड्याचा कॅन्सर परत येत नाही अशी बातमी त्याने मोबाइलवर पाठवली, पाठोपाठ मनगटी घड्याळ पाठवलं. रोज तीन हजार पावलं झालीच पाहिजेत म्हणतो. काल मी हाताला धरून यांना जबरदस्तीने उठवायला गेले तर सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावर ओरडले. इथून सुटी मिळाली की तपासणीसाठी आठ-दहा दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचं आहे, मग गावी. मी कोणाचं ऐकू? किती चालवू?

ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशीच दोन गोष्टी मी तुम्हाला फोनवर सांगितल्या. यजमानांना हाताला धरून ओढू नका, ही एक. अंधारी येते हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते आजच्या आज सिस्टरच्या कानावर घाला, ही दुसरी. बाकीचं इथे सविस्तर लिहिते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ‘चालवायचं की पडू द्यायचं’ हे भांडण मी खाटेखाटेवर ऐकलंय.

आळस की हट्ट, असं तुम्ही विचारता. मला दोन्ही वाटत नाही. आळशी माणूस रात्री अकराला बायकोला उठवून फेऱ्या मारत नाही. टाक्यांना घाबरलेलाही मारत नाही, कारण टाके दिवसा जितके ओले तितकेच रात्री. म्हणजे त्यांना चालता येतंय आणि चालायचंही आहे. मग दिवसा असं काय असतं जे रात्री नसतं? माणसं. भेटीच्या वेळेला आलेले पाहुणे, शेजारच्या खाटेवरचा पेशंट आणि त्याची सून, चहा घेऊन फिरणारा पोरगा, झाडूवाल्या मावशी. आणि तुमच्या यजमानांच्या पोटाला अशी एक पिशवी लटकलेली आहे, जी त्यांना न विचारता भरते, मध्येच आवाज करते, वास येईल की काय अशी धाकधूक लावते. सगळी नोकरी इस्त्रीच्या खाकी कपड्यात, माणसांच्या गर्दीत काढलेला हा माणूस. पाठीमागून नाड्या बांधलेला दवाखान्याचा गाऊन, एका हातात लघवीची पिशवी, अशा अवतारात भरदुपारी पॅसेजमधून जायचं त्यांच्या जिवावर येत असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

हा माझा तर्क आहे. खरं काय ते एकटे तेच सांगू शकतील, आणि तुमच्या पत्रात नणंद, मुलगा, डॉक्टर, फिजिओ या सगळ्यांचं म्हणणं आहे, त्यांचं तेवढं नाही. तेव्हा आधी विचारा. खाटेशी चार जणांत विचारू नका. रात्रीच्या फेरीत, चालता चालता, “दिवसा या पिशवीमुळे नको वाटतं का हो?” एवढंच. लगेच उत्तर येईलच असं नाही. पण प्रश्न बरोबर असेल तर पाऊल थबकेल, तुम्हाला कळेल.

आता पिशवीचं. गुदाशयाची गाठ काढून आतडं खाली पुन्हा जोडतात, तेव्हा तो जोड नीट भरून येईपर्यंत तिथून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचं तोंड काही काळ पोटावर आणून ठेवतात. याला इलिओस्टॉमी म्हणतात, आणि पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा. पुढे केमो लागली तर बंद करायचं ऑपरेशन लांबू शकतं, पण तुम्हाला ‘काही महिन्यांसाठी’ सांगितलंय ना? मग ते वाक्य यजमानांनी सर्जनच्या तोंडून, स्वतः प्रश्न विचारून ऐकायला हवं. आपण बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टरांशी बोलतो आणि आत येऊन पेशंटला ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो, तेवढ्याने त्याचं समाधान होत नाही.

लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो, जेवणानंतर जास्त येतो, पहाटे काही खाण्याआधी सर्वांत कमी. या एका गोष्टीवर तुमचं अर्धं वेळापत्रक बसतं. रात्री अकराची फेरी आहे ती राहू द्या. दुसरी पहाटे ठेवा, चहाच्या आधी, पाहुण्यांचा मागमूस नसतो तेव्हा. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करायची. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची असा नियमच असतो, कारण भरलेली पिशवी जडपणाने कातडीवरून सुटायला लागते. गाऊनऐवजी सैल पायजमा आणि वरून ढगळ सदरा चालेल का, सिस्टरना विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. पायजम्याची नाडी मात्र स्टोमावर येऊ देऊ नका, वर किंवा खाली बांधा. आणि आवाज होईलसं वाटलं की सदऱ्यावरूनच तळहात पिशवीमागच्या त्या जागेवर हलकेच दाबून धरायचा, आवाज दबतो. दिसायला पोटावर हात ठेवून उभ्या असलेल्या कुठल्याही पेशंटसारखंच दिसतं. ही युक्ती समजली की दिवसाढवळ्या बाहेर पडणारे कितीतरी जण मी पाहिलेत. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत स्टोमाचं काम बघणाऱ्या वेगळ्या सिस्टर असतात. तुमच्या रुग्णालयात असतील तर सुटी मिळण्याआधी पिशवी बदलायला तुम्ही शिका आणि यजमानांनाही शिकवा. स्वतःच्या हाताने एकदा बदलली की तिची भीती बरीच उतरते.

अंधारीचं कारणही या पिशवीत असू शकतं. इलिओस्टॉमीतून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. त्यात पाच दिवस पडून असलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब खाली येतो. घरचे म्हणतात अशक्तपणा, आणि भेटायला येणारे नारळपाणी घेऊन येतात. नारळपाण्यात मीठ फार थोडं. साध्या पाण्यावर पाणी पिऊनही ही तूट भरत नाही, उलट पिशवीतून जाणं वाढू शकतं. ओआरएस किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि पिशवीत दिवसाला दीड लिटरहून जास्त येत असेल तर तो आकडा त्यांना आवर्जून सांगा. अंधारी येत असताना फेऱ्या वाढवून उपयोग नाही. माणूस पडेल, आणि मग पुढचे चार दिवस कुणी त्याला उठवू शकणार नाही.

तुमच्या नणंदेचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. भावाचं पोट उघडलेलं पाहिल्यावर बहिणीला दुसरं काय वाटणार? पण टाक्यांचं थोडं समजून घ्या. बाहेर दिसतात त्या पिना किंवा दोरे कातडीचे, ते दोनेक आठवड्यांत काढतात. पोट खरं धरून ठेवतो तो आतला चिवट थर, आणि तो जाड दोऱ्याने शिवलेला असतो. हा दोरा विरघळायला महिने लागतात. सावकाश चालण्याने त्याच्यावर येणारा ताण मामुली. खोकताना, शिंकताना, जोर करून उचलताना जो दाब येतो तो चालण्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून खोकला आला की घडी केलेला टॉवेल किंवा छोटी उशी चिरेवर दाबून धरायची. नणंदबाईंना हे काम द्या, त्या मनापासून करतील. राहिला आतड्याचा आतला जोड. तो सुटला तर रक्तपुरवठा कमी पडणं, जोडावरचा ताण, आधीचं रेडिएशन, तंबाखू, पोषणाची आबाळ अशी कारणं निघतात. पॅसेजमध्ये चालला म्हणून जोड सुटला, असं होत नाही.

उलट पडून राहण्याचे हिशेब फार महाग आहेत. २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात साठीच्या पुढच्या, अगदी निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं जवळपास १ किलो मांस झडलं. ना ऑपरेशन, ना आजार, खाणंपिणं व्यवस्थित. धावत्या एसटीत आधार न घेता उभे राहणारे तुमच्या यजमानांचे पाय कसलेले असतील, पण ते कमावायला लागलेली वर्षं अंथरूण मोजत नाही. शिवाय उताणं पडलं की छातीचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साठतो, न्यूमोनियाला वाट मिळते. आणि पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशननंतर इतरांपेक्षा जास्त असतो. रोज एक छोटं इंजेक्शन टोचतात ना, ते त्यासाठीच. पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशननंतर ते बऱ्याचदा चार आठवडे चालू ठेवतात, म्हणजे घरी गेल्यावरही. सुटीच्या कागदावर ते लिहिलंय का, बघून घ्या.

‘चाललं की गॅस लवकर सुटतो’ हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही. वॉर्डात सगळ्यांच्या तोंडी हेच असतं, पण त्याचा पुरावा तितका पक्का नाही. ऑपरेशननंतर लहान आतडं साधारण दिवसभरात हलायला लागतं, मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि ते आपल्या वेळेने जागं होतं. यजमान रात्री फिरले आणि सकाळी पोट तसंच फुगलेलं राहिलं, तर चालणं वाया गेलं असं समजू नका. ते पायांसाठी, फुप्फुसांसाठी, रक्तासाठी होतं.

आज डॉक्टर दुसऱ्याच दिवशी उठवतात त्यामागे कोपनहेगनच्या हेन्रिक केहलेट नावाच्या सर्जनचं काम आहे. १९९०च्या दशकात त्यांनी आतड्याच्या ऑपरेशननंतरच्या जुन्या रिवाजांना एकेक करून प्रश्न विचारले. उपाशी का ठेवायचं? इतक्या नळ्या कशाला? दुखणं सोसायला का लावायचं? वेदना नीट आवरल्या, लवकर खायला दिलं, नळ्या कमी केल्या आणि पहिल्या दिवसापासून उठवलं, तर माणसं खूपच लवकर घरी जाऊ लागली. यावरून पुढे जे नियम तयार झाले, त्यांत ऑपरेशनच्या दिवशी २ तास आणि नंतर रोज ६ तास ‘खाटेबाहेर’ असं उद्दिष्ट दिलेलं होतं. खाटेबाहेर, ताई. त्यात खुर्चीत बसणंही धरलेलं आहे. आपल्याकडे त्यातलं एकटं ‘चालणं’ उचललं जातं आणि बाकीचं राहून जातं. वेदनेची गोळी वेळेवर दिलेली नाही, पोटात दोन घास नाहीत, आणि त्या माणसाला म्हणायचं, चला काका, उठा!

म्हणून फेरीच्या आधी अर्धा-पाऊण तास वेदनेचं औषध मिळेल असं सिस्टरशी बोलून ठेवा. ‘सवय लागेल’ म्हणून औषध टाळणारे पुरुष मी खूप पाहिलेत. वॉर्डातल्या या चार दिवसांत, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत, ही भीती बाळगायचं कारण नाही. खोल श्वास घेता येत नाही, खोकता येत नाही इतकं दुखत असेल तर औषध कमी पडतंय, माणूस कमी पडत नाही.

आता मुलाची बातमी. त्याने पाठवलेला अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे. २०२५च्या जूनमध्ये तो जाहीर झाला, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांत झालेला. ८८९ रुग्ण होते. ज्यांना तीन वर्षं शिकवून, पाठपुरावा करून व्यायाम करायला लावला, त्यांच्यातले ८०.३ टक्के पाच वर्षांनी कर्करोगमुक्त होते. ज्यांना फक्त माहितीपत्रक दिलं त्यांच्यात हे प्रमाण ७३.९ टक्के. फरक मोठा आहे. पण ‘परत येत नाही’ असं त्यातून निघत नाही, कमी जणांत परत येतो एवढं निघतं. आणखी दोन गोष्टी बातमीच्या मथळ्यात मावत नाहीत. एक म्हणजे ते सगळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण होते, गुदाशयाचे नव्हेत. दुसरी अधिक महत्त्वाची. त्यांचा व्यायाम सुरू झाला तो ऑपरेशन होऊन, वर केमो संपल्यानंतर. ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी वॉर्डात नव्हे! तिथेही पहिले काही महिने हळूहळू वाढवत नेलं आणि मग वर्षानुवर्षं टिकवलं. तेव्हा मुलाला सांगा, घड्याळ ठेवून दे, त्याचे दिवस येणार आहेत. सध्या वॉर्डात पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर बांधणं म्हणजे रोज संध्याकाळी नापासाचा निकाल लावणं. तुमच्या यजमानांना आत्ता तेवढं एकच नको आहे.

उठवायचं कसं, हे मी जरा रेंगाळून सांगते, कारण वॉर्डात बहुतेक दुखणं चालण्यात नसतं, उठण्यात असतं. आपण काय करतो? उताण्या माणसाचे दोन्ही हात धरतो आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत ओढतो. त्यात सगळा जोर चिरलेल्या स्नायूंवर येतो. काल ते ओरडले असतील तर निम्मं त्याच कळीमुळे. त्याऐवजी असं करा. आधी नळ्या बघा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहील अशी, ड्रेन, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी, कपड्याला पिनेने अडकवलेला, सलाइनचा स्टँड त्याच बाजूला. खाटेचं हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर घ्या. त्यांनी दोन्ही गुडघे दुमडायचे, उशी पोटाशी धरायची आणि खांदा-कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, शक्यतो पिशवी नसलेल्या. पाय खाटेवरून खाली सोडायचे, आणि खालच्या हाताच्या कोपराने, वरच्या हाताच्या तळव्याने गादीला रेटा देत बसतं व्हायचं. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. तुम्ही समोर जरा बाजूला उभं राहून फक्त त्यांच्या पाठीला, खांद्याच्या पात्यापाशी हात द्या. दंडाला नको. बसल्यावर लगेच उभं करू नका. दोन-तीन मिनिटं तशीच, पावलं वर-खाली हलवत, नजर समोर. खाट उंच असेल आणि पाय टेकत नसतील तर पायाखाली स्टूल मागून घ्या. अंधारी आली नाही तर उभं राहायचं. उभं राहिल्यावर पोट सांभाळत वाकून चालू नये, कंबर धरते. जमेल तितकं सरळ.

किती? थोडं आणि पुष्कळदा. एका दमात लांब जाण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा दाराशी जाऊन येणं बरं. चालताना तुमच्याशी दोन वाक्यं धड बोलता आली पाहिजेत. धाप लागून शब्द तुटत असतील तर परत फिरा. कालच्यापेक्षा आज एखादा खांब पुढे, एवढा हिशेब पुरे, आणि तो खांब त्यांनी ठरवायचा. एरवी जेवण, चहा खुर्चीत. यामुळे दिवसभर ‘चला चला’ म्हणावं लागत नाही आणि खाटेबाहेरचे तास आपोआप भरतात. ज्यांच्या ऑपरेशनमध्ये गुदद्वार काढून मागची जागा शिवून बंद केली आहे, त्यांनी मात्र किती वेळ आणि कशावर बसायचं हे सर्जनना विचारूनच ठरवावं. त्या टाक्यांचे नियम वेगळे.

पडल्यापडल्याही बरंच करता येतं. जागेपणी दर तासाला पावलं पुढे-मागे हलवणं, आणि ते तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र. बरेच पेशंट त्यात जोरात फुंकर मारताना दिसतात. फुंकायचं नसतं, नळी ओठांत घट्ट धरून हवा आत ओढायची असते, सावकाश, आणि गोळी वर दोन-तीन सेकंद धरायची. दहा वेळा केलं की खोकून घ्यायचं, उशी चिरेवर दाबून. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्यांनाही हे सगळं लागू आहे. बाहेर चार भोकं दिसली तरी आतलं काम तेवढंच मोठं असतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. काल चालणारा माणूस आज उठायला नको म्हणतो, तेव्हा समजूत घालायच्या आधी डॉक्टरांना सांगा. आतड्याचा जोड गळायला लागला तर तो साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास, कधी त्याहूनही पुढे लक्षात येतो. सुरुवात फार ठळक नसते. नाडी वाढते, ताप किंवा हुडहुडी, पोट वा माकडहाड दुखणं वाढत जातं, उलट्या, आणि माणूस नुसतं म्हणतो, “आज काही खरं नाही.” एका पोटरीला सूज येऊन दुखणं, एकाएकी दम लागणं, छातीत दुखणं, चिरेतून अचानक गुलाबी पाणी वाहू लागणं, यांपैकी काही दिसलं तर चालवणं तिथेच थांबवा आणि सिस्टरला हाक मारा. धर्मशाळेत किंवा गावी असाल तर ‘उद्या ओपीडीत दाखवू’ म्हणू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा.

धर्मशाळेतला मुक्काम यजमानांच्या दृष्टीने बरा जाईल असं मला वाटतं. तिथे उतरणारे बहुतेक जण कर्करोगाच्याच उपचारांसाठी आलेले असतात. पिशवी पाहून कुणी वळून बघायचं नाही, एखादा तर कोणती चांगली चिकटते ते सांगेल. खोली वर मिळाली तर घाबरू नका. कठडा धरून, पायरीवर थांबत जिना चढता येतो. सुटी मिळायच्या आधी फिजिओकडून दहा-बारा पायऱ्यांचा सराव करून घ्या म्हणजे झालं. जमिनीवर गादी टाकून झोपणं मात्र सहा आठवडे टाळा. खाली बसणं-उठणं हे या पोटाला चालण्यापेक्षा फार जड. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसण्याचंही तेच. पिशवी रिकामी करायला खुर्ची किंवा उंच स्टूल वापरा. गावी गेल्यावर पाण्याची बादली उचलू देऊ नका. भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास जाते, आणि सहा-आठ आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नसतं. पिशवी असलेल्यांनी तर जास्तच जपायचं, तिच्या कडेने हर्निया होतो. पोटाचा पट्टा बांधायचा का, कोणता, हे स्टोमा सिस्टर सांगतील. दुकानातून आणून आवळून बांधू नका. गावाकडच्या प्रवासात गाडी थांबेल तिथे खाली उतरायचं, बसल्याजागी पावलं हलवत राहायची.

घरी पहिल्या आठवड्यात अंगणात, मग पाराशी, मग शाळेपर्यंत. गावात लोक विचारतील, थांबवतील. तेव्हा पहाटेचीच वेळ त्यांना बरी वाटली तर तीच असू द्या. कधी कुणासमोर जायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. थकवा महिनाभर राहील, कधी जास्त. एक दिवस चांगला गेला की दुसऱ्या दिवशी अंग टाकतील. त्या दिवशी अर्धं चालायचं, पण चालायचं. केमो सुरू झाली तर वेळापत्रक तिच्या चक्रांप्रमाणे बदलेल, तेव्हा पुन्हा विचारा.

आणि तुमचा मुलगा रजा काढून येणार असेल तेव्हा त्याला घड्याळाचं चार्जर विसरला तरी चालेल म्हणावं. पिशवी बदलायला शिकवतात तेव्हा त्याला खाटेशी उभं करा, वडिलांना चालेल का हे आधी विचारून. शिकला की एक पूर्ण दिवस आणि एक रात्र तो वॉर्डात राहू दे, रात्री अकराची फेरीही त्याच्याबरोबर होऊ दे. तुम्ही धर्मशाळेत जाऊन झोपा. सहा रात्री वॉर्डात काढल्यात, तुमच्या जेवणाबद्दल पत्रात एक ओळ नाही.